वृद्धांची सेवा चालवणाऱ्यांनीच पीएचडी करावी

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यातलं कलम १९ बऱ्याच जणांना माहीत असतं: प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम आणि त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय. त्याच्या पुढच्याच कलमातली एक ओळ मात्र क्वचितच कोणी वाचतं. वृद्धांचे जुनाट आजार आणि वार्धक्य यांवरच्या संशोधनाचा विस्तार करावा, असं कलम २० सांगतं. जिल्हा रुग्णालयातल्या वृद्धांसाठीच्या सोयीची जबाबदारी या कामाचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असावी, असंही त्यात आहे. त्याआधी १९९९ च्या राष्ट्रीय धोरणात तर विद्यापीठांनी वार्धक्यशास्त्राची अभ्यासकेंद्रं काढावीत, त्यांना मदत मिळेल, असं लिहिलं होतं. म्हणजे पाव शतकापूर्वी सरकारला हे कळलं होतं की वृद्धांसाठी इमारती बांधणं पुरेसं नाही, त्या चालवणारी आणि त्यांचा अभ्यास करणारी माणसंही तयार करावी लागतात.

ठाणे आणि नवी मुंबईच्या बाबतीत हा प्रश्न किती मोठा आहे, ते साध्या गुणाकारानं दिसतं. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९. २०२१ साठीचे सरकारी अंदाज देशासाठी १०.१ आणि राज्यासाठी ११.७ टक्के असे होते. पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात २०११ च्या आकड्यांनुसार ८० लाखांच्या आसपास लोक उरले. इथे कामासाठी आलेली तरुण वस्ती जास्त, म्हणून ज्येष्ठांचं प्रमाण राज्यापेक्षा बरंच कमी, समजा फक्त सहा टक्के धरलं, तरी पावणेपाच लाखांवर माणसं होतात. त्यांच्यासमोर १५० खाटांची कायदेशीर किमान मर्यादा ठेवून पाहा. उरलेले सगळे घरांत, सोसायट्यांत, चाळींत, खासगी आश्रमांत आणि शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या बाईच्या भरवशावर म्हातारे होणार आहेत. ही सगळी व्यवस्था कोणीतरी चालवतं. माझं म्हणणं एवढंच आहे की जे ती चालवतात त्यांनी तिच्यावर संशोधन करावं, पीएचडीच्या पातळीवरचं, आणि महापालिकांनी त्याला पैसा, वेळ आणि माहिती द्यावी.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, वार्धक्यशास्त्र आणि नेतृत्व एकत्र शिकवणारे डॉक्टरेटचे अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे ही जोडी विचित्र वाटते, कारण ‘नेतृत्व’ म्हटलं की चौकातला फलक डोळ्यांसमोर येतो. इथे त्याचा अर्थ फार जमिनीवरचा आहे. साठ माणसांच्या आश्रमात रात्रपाळीला दोनच मावशी आहेत, त्यातली एक आली नाही, ब्यूरोचा फोन लागत नाही आणि दोन नंबरच्या खोलीतले आजोबा लघवीला उठताना पडले. अशा वेळी काय करायचं हे आधी कोणी ठरवलं होतं, कोणी शिकवलं होतं आणि सकाळी कोण कोणावर ओरडतं, याला नेतृत्व म्हणायचं. वार्धक्यशास्त्र सांगतं की वृद्ध माणूस का पडतो. पडणं कमी करण्यासाठी ज्या वीस माणसांनी रोज वेगळं वागायला हवं, त्यांना तसं वागायला कसं लावायचं हे ते शास्त्र एकटं सांगू शकत नाही.

यावर आक्षेप येतो की आश्रम चालवायला पीएचडी कशाला, सहा महिन्यांचा डिप्लोमा पुरे. चालवायला डिप्लोमा पुरेसा आहे, हे मान्य. पण डिप्लोमात शिकवायचं काय, हे कुठून येणार? आज शिकवलं जातं ते बहुतेक परदेशी पुस्तकांतून. तिथला वृद्ध टबमध्ये आंघोळ करतो. आपला पाटावर बसून, बादलीतून तांब्यानं पाणी घेऊन करतो, आणि ओल्या लादीवरून उठताना त्याचा तोल जातो. तिथलं शौचालय उंच बैठकीचं. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत आणि काही आश्रमांतही उकिडवं बसायचं. बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच असावी, न्हाणीघराचं दार बाहेर उघडावं (आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार त्याच्याच अंगाला अडतं), पकडायला दांडा असावा, एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. जुन्या इमारतीत, आहे त्या पैशांत, आहे त्या माणसांकडून हे करून घेताना काय जमतं आणि काय फसतं, ते मिळत नाही.

आता वार्धक्यावर आपल्याकडे होणाऱ्या पीएचड्यांचा नेहमीचा साचा पाहू. विषय असतो ‘ज्येष्ठ नागरिकांच्या समस्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास’ अशा धर्तीचा. नमुना, म्हणजे प्रश्न विचारायला निवडलेली माणसं, ३८४ चा, कारण ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चूक धरली की सूत्रातून तोच आकडा बाहेर पडतो. माहिती गोळा होते ती तलावपाळीवर, बागेतल्या कट्ट्यावर, विरंगुळा केंद्रात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत. मेहनत खरी असते. पण ३८४ चं गणित ज्या अटीवर उभं आहे, म्हणजे प्रत्येक वृद्धाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी असणं, तीच मोडलेली असते. कट्ट्यावर येतो तो चालू शकणारा, ऐकू येणारा, बहुधा पेन्शनवाला पुरुष. अंथरुणाला खिळलेली बाई त्या ३८४ मध्ये येऊच शकत नाही. मग निष्कर्ष निघतो की बहुसंख्य ज्येष्ठ समाधानी आहेत.

मतदारयादीवरून नमुना काढणं याहून बरं, कारण तीत वय छापलेलं असतं. साठीपुढची नावं वेगळी काढायची आणि दर अमुक नावामागे एक घ्यायचं. इथेही खड्डे आहेत. वारलेल्यांची आणि घर सोडून गेलेल्यांची नावं यादीत राहतात. सोसायटीचा वॉचमन आत सोडत नाही, म्हणून सेक्रेटरीच्या नावे विद्यापीठाचं पत्र आधी द्यावं लागतं. सगळ्यात मोठा खड्डा वेगळाच आहे. कोपरखैरणे किंवा घणसोलीत मुलाकडे आणलेल्या आई-वडिलांचं मत आणि रेशनकार्ड दोन्ही पाटण, जावळी, शिराळ्याकडे असतं. ते वर्षातले सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे, किंवा भावाभावांत पाळीनं फिरतात. इथल्या यादीत ते नाहीत आणि गावाच्या यादीत असून गावात नाहीत. या माणसांसाठी प्रत्येक निवडलेल्या इमारतीत घरोघर विचारून स्वतंत्र यादी करावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय नवी मुंबईच्या वार्धक्याबद्दल काही बोलायचा अधिकार पोचत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

मोजपट्ट्यांचंही तसंच. वृद्धांमधलं नैराश्य तपासायला १५ प्रश्नांची एक पट्टी सर्रास वापरली जाते. पाचाच्या वर गुण गेले की नैराश्याची शंका घ्यायची. त्यात एक प्रश्न असा आहे की बाहेर जाऊन नवं काही करण्यापेक्षा तुम्हाला घरीच राहावंसं वाटतं का. नौपाड्यात बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी, गुडघे गेलेली बाई ‘हो’ म्हणते आणि तिला एक गुण लागतो. तो गुण मनाचा की जिन्याचा? आत्ता जिवंत असणं किती छान आहे, असं वाटतं का, असा आणखी एक प्रश्न. आपल्याकडचा ऐंशीचा माणूस ‘आता देवानं बोलवावं’ असं चहा पितापिता सहज म्हणतो. आजूबाजूचे हसतात, तोही हसतो. पट्टीवर त्याचा आणखी एक गुण. म्हणून पट्टीचं भाषांतर करून ते पुन्हा मूळ भाषेत उलटवून तपासणं एवढ्यानं भागत नाही. आठ-दहा वृद्धांसमोर एकेक प्रश्न वाचून ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारावं लागतं. मगच पट्टी हातात घ्यावी. आंघोळ, कपडे, शौचास जाणं, उठणं-बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवणं अशा सहा गोष्टी मोजणारी जुनी पट्टी सोपी म्हणून आवडते. तीतल्या आंघोळीच्या ओळीत टब आणि शॉवर आहेत, बादली नाही, हे लक्षात ठेवून ती वापरावी.

नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्याला तर मोठं सर्वेक्षण परवडतच नाही. कागदावर ४५ मिनिटांची मुलाखत कमी ऐकू येणाऱ्या माणसासोबत दीड तासाची होते. दिवसाला तीन झाल्या तरी खूप. ३८४ मुलाखतींना १२८ दिवस, आणि फक्त शनिवार-रविवार मिळत असतील तर ६४ आठवडे. त्यात पाऊस, गणपती, दिवाळी आणि वृद्धाचं स्वतःचं आजारपण. शिवाय देशपातळीवरची दणकट माहिती आधीच हाताशी आहे. वाशीहून हार्बरनं निघालं की मानखुर्दच्या पुढचं स्टेशन गोवंडी. तिथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर ७२ हजारांवर लोकांची वार्धक्याविषयीची पाहणी केली, आणि तिची माहिती संशोधकांना अर्ज केल्यावर मिळते. त्या पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासातून साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला. ती पाहणी राज्याचं चित्र दाखवते, कळव्याचं किंवा ऐरोलीचं नाही. ‘किती टक्के’ हे तिथून घ्यावं आणि ‘मग करायचं काय’ यावर आपली वर्षं खर्च करावीत.

उदाहरणच घ्यायचं तर पडण्याचं घेऊ. आश्रमात साठ निवासी आहेत. महिन्याचे ३० दिवस धरले तर १८०० निवासी-दिवस झाले. नऊ वेळा कोणी पडलं असेल तर दर हजार निवासी-दिवसांमागे पाच. एवढा एक आकडा दर महिन्याला काढता आला तरी संशोधनाचा पाया पडला. वहीत प्रत्येक वेळी लिहायचं: वेळ, जागा, पायात काय होतं, दिवा होता का, जमीन ओली होती का, झोपेची किंवा रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, ड्युटीवर किती जण होते. पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर रात्री दोन-तीनदा उठणं आलंच. डॉक्टरांना विचारून ती सकाळी देता येते का, हे बघायला पैसा लागत नाही. बारा महिने नुसतं नोंदवायचं, मग बदल करायचे, आणि पुन्हा बारा महिने नोंदवायचं. सहा-सहा महिन्यांची तुलना करू नये, कारण जून ते सप्टेंबर लादी ओलीच असते आणि पावसाळा एका बाजूला पडला की सगळा हिशेब चुकतो.

आता यात काय बिघडतं? वही सुरू झाली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत पडण्याचे आकडे वाढतात. माणसं जास्त पडत नसतात, आधी लपवलेलं आता लिहिलं जात असतं. विश्वस्त घाबरतात आणि वही बंद करा म्हणतात. किंवा उलट होतं: कोणी पडलं की त्या रात्रीच्या मावशीचा अर्धा पगार कापला जातो, म्हणून पडलेल्या आजींना उचलून गादीवर ठेवलं जातं आणि खुब्याचं हाड मोडल्याचं चौथ्या दिवशी कळतं. वही खरी राहायची असेल तर पगार कापायचा नाही, हे संस्थेच्या प्रमुखानं आधी जाहीर करावं लागतं आणि पहिल्या मोठ्या अपघातालाही ते पाळावं लागतं. वार्धक्यशास्त्राचा प्रश्न नेमका इथे नेतृत्वाचा प्रश्न होतो. तो आतल्या माणसालाच नीट अभ्यासता येतो. बाहेरून आलेल्या संशोधकाला ती वही दाखवली जाते, ती कशी भरली जाते ते नाही.

आतल्या माणसाची एक मोठी अडचणही आहे, ती झाकून चालणार नाही. आश्रमाची व्यवस्थापिका स्वतः संमतीपत्र घेऊन गेली तर कोणते आजोबा नाही म्हणतील? त्यांचं जेवण, औषध, खोली सगळं तिच्या हातात. म्हणून संमती घ्यायला बाहेरचा माणूस हवा, आणि कोण नाही म्हणालं हे व्यवस्थापिकेला कळता कामा नये. स्मृतिभ्रंश असलेल्यांना सोप्या शब्दांत सांगून ‘मी आता काय सांगितलं?’ असं विचारावं. सांगता आलं नाही तर कायद्यानं मान्य असलेल्या नातेवाइकाची संमती घ्यावी, आणि तरीही त्या दिवशी ते तोंड फिरवत असतील तर थांबावं. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या आचारसमितीकडे प्रस्ताव देताना हे सगळं आधीच लिहिलं की दोन-तीन महिन्यांचे हेलपाटे वाचतात.

नियमांचं थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं. नोकरीतल्यांना अर्धवेळ पीएचडी करता येते, पण मालकाचं ना हरकत पत्र लागतं. त्यात संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, असं स्पष्ट लिहिलेलं असावं. ट्रस्टच्या संस्था इथे ‘आमची हरकत नाही’ एवढी एक ओळ लिहून देतात आणि अर्ज अडतो. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं केलेली पीएचडी चालत नाही. परदेशी संस्थेच्या नावावर ऑनलाइन डॉक्टरेट देऊ करणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असं आयोगानं २०२२ मध्येच जाहीरपणे सांगितलं आहे. नेतृत्व आणि वार्धक्य अशी आकर्षक नावं लावलेले असे अभ्यासक्रम फोनवर दिसतात तेव्हा हे आठवावं. मार्गदर्शकाची निवृत्ती कधी आहे, हेही विचारून घ्यावं, कारण सेवेची तीन वर्षं उरली नसतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. वरच्या पडण्याच्या अभ्यासाचा हिशेब केला तर कोर्सवर्क आणि प्रस्तावाला एक ते दीड वर्ष, नोंदीची दोन, लेखनाचं एक. म्हणजे फार तर साडेचार वर्षं. सहात बसतं.

एक त्रुटी मात्र या नियमांनी सुटत नाही. वीस वर्षं वृद्धांची शुश्रूषा केलेल्या जीएनएम (परिचर्येची पदविका) झालेल्या मेट्रनकडे पदव्युत्तर पदवी नसते, आणि तिच्याशिवाय पीएचडीचं दार उघडत नाही. अपवाद चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के मिळवणाऱ्यांचा, तो तिच्या कामाचा नाही. तिला वर चढायला आधी शिडी हवी: पदवी, मग पदव्युत्तर पदवी. तोवर तिला संशोधनात सहलेखक म्हणून तरी घ्यावं. प्रबंधातली निम्मी माहिती तीच देणार आहे, आणि आभारातल्या एका ओळीवर तिची बोळवण होते हे अन्यायाचं आहे.

या दोन शहरांत संशोधनाचे विषय पायाखाली पडले आहेत. तुर्भ्याच्या बाजारात तीस-तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिलेल्या माथाडींची पिढी आता म्हातारी झाली आहे. त्यांच्या मणक्यांचं आणि गुडघ्यांचं काय झालं, निवृत्तीनंतर ते इथेच राहिले की साताऱ्याकडे गेले, आणि उपचारांना कुठे जातात? नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. वाशीत सुरुवातीला तिशीत घर घेतलेल्यांची आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि त्यांच्या इमारतींना लिफ्ट नाही. पुनर्विकासात नौपाड्यातला ज्येष्ठ तीन-चार वर्षांसाठी घोडबंदर रोडला भाड्यानं जातो. ओळखीचा डॉक्टर, भाजीवाला, कट्टा एका दिवसात सुटतात, आणि त्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो हे करारनाम्यात कुठे लिहिलेलं नसतं. आगरी-कोळी गावांत संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे मुलांकडे गेल्यावर म्हाताऱ्यांचा घरातला शब्द राहिला का? कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही तर ते हस्तांतर रद्द करता येतं. किती जण ते वापरतात आणि वापरल्यावर घरात काय होतं, हा एका प्रबंधाचा ऐवज आहे.

दोन्ही महापालिकांनी यासाठी फार मोठं काही करायचं नाही. दर वर्षी तीन-चार अर्धवेळ संशोधकांची फी भरावी. त्यातला निदान एक पालिकेच्या आरोग्य किंवा समाजविकास विभागातला असावा आणि त्याला आठवड्यातून एक दिवस कामातून मोकळीक द्यावी. विरंगुळा केंद्रं, दवाखाने आणि रुग्णालयांमधल्या नोंदी नावं काढून अभ्यासाला द्याव्यात. प्रश्न विद्यापीठानं एकट्यानं ठरवू नये. सेवा देणाऱ्यांसोबत बसून ठरवावा. ‘हे पैसे खाटांना द्या’ असं कोणी म्हणेल. खाटा हव्यातच. पण १५० खाटांच्या नव्या इमारतीत दारं आत उघडणारी बसवली आणि रात्रपाळीला एकच माणूस ठेवला, तर ते पैसे अस्थिरोग विभागात पुन्हा खर्च होतात.

आणखी एक अट घालावी. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो, तिथे तो बहुतेक वेळा इंग्रजीत आणि तीनशे पानांत असतो, आणि मेट्रन किंवा वॉर्ड ऑफिसर तिथे कधी जात नाही. फीचा शेवटचा हप्ता दोन पानी मराठी टिपण आल्यावरच द्यावा. त्यात काय बदललं, किती खर्च आला, काय फसलं आणि दुसऱ्या आश्रमात ते करायचं असेल तर पहिल्या महिन्यात काय करावं, एवढं असावं. ते टिपण सर्वात आधी रात्रपाळीच्या मावशींना वाचून दाखवावं, आणि ‘हे असं नाही होत’ असं त्या जिथे म्हणतील ती ओळ दुरुस्त करूनच पुढे पाठवावं.